चाकाचा तोल आणि यंत्राचे इमान

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग आणि सुरतेकडून निघून नागपूरमार्गे कलकत्त्याला भिडणारा दुसरा, हे दोन्ही ज्या शहरापाशी एकमेकांना छेदतात आणि सोलापुराकडून येणारा तिसराही ज्याच्या वेशीशी येऊन थांबत असे, त्या धुळ्याला मोटारींच्या धंद्याचे ठाणे होण्याचा जो मान मिळाला, तो भूगोलानेच त्याच्या पदरात टाकलेला आहे. या मार्गांना पूर्वी अनुक्रमे ३, ६ आणि २११ असे क्रमांक होते. पुढे सरकारने क्रमांकांची फेरमांडणी केली, तथापि ‘आग्रा रोड’ हे नाव धुळेकरांच्या तोंडून काही गेलेले नाही. येथून पूर्वेस पारोळा, एरंडोल, पाळधी असे करीत सुमारे ९० किलोमीटरांवर जळगाव लागते. १९०६ साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडले आणि ही दोन शहरे निरनिराळ्या दप्तरांची ठाणी झाली. परंतु महामार्गाच्या कडेने जी गॅरेजे दोन्हीकडे उभी आहेत त्यांच्यात मात्र ही वाटणी दिसत नाही. रावेर-सावद्याची केळी उत्तरेकडे नेणारी मालमोटार असो, की लग्नाचे वऱ्हाड चाळीसगावाहून शिरपुराला पोहोचविणारी जीप असो, तिचा टायर फाटला की ती ज्या दारात जाते त्या दारावर ‘कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग’ अशी पाटी बहुधा असतेच.

या पाटीतील ‘बॅलन्सिंग’ या शेवटच्या शब्दामागे जे यंत्र आहे त्याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. यंत्र दिसावयास साधे आहे. कमरेइतक्या उंचीची एक पेटी, तिच्या कुशीतून आडवा बाहेर आलेला एक पोलादी शाफ्ट, वरच्या बाजूस आकडे दाखविणारा फलक आणि चाकावर पांघरावयाचे एक अर्धवर्तुळाकार झाकण, इतकाच त्याचा संसार. कटाईच्या वा घासण्याच्या यंत्रासारखी त्याला पाती नाहीत, भट्टीसारखी आच नाही, म्हणूनच गॅरेजातील सर्वांत निरुपद्रवी वस्तू अशी त्याची ख्याती झाली आहे आणि त्याच्या बाबतीत सर्वाधिक हयगय होते तीही याच ख्यातीमुळे.

प्रथम हे यंत्र लागते कशासाठी ते पाहू. कोणतेही चाक, मग ते कितीही नामांकित कारखान्यातून आलेले असो, सर्वांगाने समभार नसते. रबराचा थर कोठे अंमळ जाड, कोठे पातळ. डिस्कला, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाला, हवेच्या नळीसाठी पाडलेले छिद्र आणि त्यातील व्हॉल्व्ह यांचे वजन एकाच बाजूस. शिवाय खड्ड्यात आदळून डिस्कची कड दबलेली असल्यास तो दोष निराळाच. गाडीचे चाक जॅकवर उचलून मोकळे फिरू दिले आणि हात काढून घेतला, तर त्याची जड बाजू हळूहळू खाली येऊन स्थिरावते, हे जुन्या मिस्त्रींना ठाऊक होते आणि समोरच्या बाजूस शिशाचा तुकडा ठोकून ते आपले काम भागवीत असत. मंद गतीच्या काळात तेवढ्याने भागतही असे.

गती वाढली म्हणजे मात्र हिशेब पालटतो, कारण फिरत्या वस्तूच्या अंगचा केंद्रापसारी जोर गतीच्या प्रमाणात वाढत नसून तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लहान मोटारीच्या १४ इंची डिस्कच्या कडेवर ३० ग्रॅमची तूट आहे असे धरू. म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे पिठाइतके वजन. गाडी ताशी ९० किलोमीटरांनी धावू लागली की ते चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते, आणि त्या ३० ग्रॅमांचा ओढा जवळजवळ ४ किलो वजनाइतका होतो. तो एका जागी स्थिर असता तर सहनही झाला असता. पण तो सेकंदात चौदा वेळा वर, खाली, पुढे, मागे असा दिशा बदलत राहतो, आणि ते धक्के बेअरिंग, बॉल जॉइंट, शॉकॲबसॉर्बर यांच्यामार्फत अखेर चालकाच्या मनगटात पोहोचतात. हीच गाडी ताशी ४५ किलोमीटरांनी हाकली तर तो जोर एक चतुर्थांशावर, म्हणजे किलोभरावर येतो आणि चालकाला काही जाणवत नाही.

खानदेशातील गॅरेजांना हे यंत्र घ्यावेसे का वाटले याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे. जोवर जळगाव-धुळे रस्ता दुपदरी आणि खड्ड्यांचा होता तोवर चाकाचा दोष रस्त्याच्या दोषाखाली झाकला जात असे, कारण वेगच वाढत नव्हता आणि जे हादरे बसत त्यांचे खापर बांधकाम खात्यावर फोडण्याची सोय होती. रस्ता चौपदरी व गुळगुळीत झाला, गाड्या ऐंशी-नव्वदच्या पुढे सहज जाऊ लागल्या, आणि जी थरथर आजवर झाकून राहिली होती ती उघडी पडली. ‘भाऊ, गाडी ऐंशीना पुढे थरथर करस,’ अशी कैफियत घेऊन गिऱ्हाईक येते, तेव्हा बहुधा तो बिघाड नवा नसतो. रस्ता नवा असतो.

जॅकवरच्या कसोटीला न सापडणारा असा असमतोलाचा आणखी एक प्रकार आहे आणि यंत्राची खरी गरज त्याच्याचसाठी. चाकाला रुंदी असते. समजा, आतल्या कडेवर एका जागी जादा वजन आहे आणि बाहेरच्या कडेवर बरोबर विरुद्ध बाजूस तितकेच जादा वजन आहे. असे चाक मोकळे सोडले तर कोणत्याही स्थितीत निश्चल उभे राहील, जणू त्याच्यात काही दोषच नाही. परंतु फिरू लागले की दोन्ही वजने आपापल्या कडेला विरुद्ध दिशांनी ओढतील आणि चाक डोलू लागेल. पहिल्या दोषाने चाक उड्या मारते, दुसऱ्याने ते डुलते, आणि प्रत्यक्षात बहुतेक चाकांत दोन्हींचे मिश्रण असते. दुसरा दोष चाक फिरवून मोजल्यावाचून कळणे अशक्य.

फिरवून मोजण्याची ही विद्या मोटारींच्या धंद्यात उपजलेली नाही. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनांच्या अडचणीतून ती निघाली. १९०७ साली फ्रान्झ लावाचेक या जर्मन अभियंत्याने तोल पाहण्याच्या यंत्राची योजना केली आणि डार्मश्टाट येथील कार्ल शेंक यांच्या कारखान्याने ती यंत्रे बांधण्याचे काम अंगावर घेतले. आज तीच कल्पना आटोपशीर होऊन इटलीपासून पुदुच्चेरीपर्यंतच्या कारखान्यांतून गॅरेजांपर्यंत आली आहे.

गॅरेजातील यंत्राचे अंतरंग असे: शाफ्ट ज्या आधारावर बसविलेला असतो त्याला दोन ठिकाणी दाब ओळखणारे स्फटिकी संवेदक लावलेले असतात आणि शाफ्ट या क्षणी किती कोनातून फिरला आहे हे टिपणारी चकती त्याच्या मागच्या टोकाशी असते. शाफ्टवर चाक चढवून मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांनी फिरविले की असमतोल चाक शाफ्टला ज्या सूक्ष्म हिसक्यांनी ओढते त्यांची नोंद दोन्ही संवेदक करतात; तो हिसका नेमका कोणत्या कोनात आला ते चकती सांगते; आणि या दोहोंवरून, आतल्या कडेला किती ग्रॅम, बाहेरच्या कडेला किती ग्रॅम आणि कोठे, याचे गणित आठ-दहा सेकंदांत मांडले जाते. मात्र या गणिताला तीन आकडे माणसाने पुरवावे लागतात: यंत्रापासून डिस्कच्या आतल्या कडेचे अंतर, डिस्कची रुंदी आणि डिस्कचा व्यास. रुंदी कॅलिपरने मोजावयाची असते, परंतु घाईच्या वेळी मागच्या गाडीचेच आकडे राहू देण्याचा शिरस्ता अनेक ठिकाणी पडून गेला आहे. यंत्र तरीही उत्तर देते, तेही पूर्ण आत्मविश्वासाने, आणि ते चुकीचे असते.

मला या यंत्रासंबंधी जी मुख्य गोष्ट सांगावीशी वाटते ती हीच की, हे वस्तुतः तराजूच्या जातीचे यंत्र आहे, पण गॅरेजात त्याला वागणूक मिळते ती ऐरणीची. जळगावच्या सराफ बाजारात ज्या काट्यावर सोने तोलतात तो काचेच्या पेटीत असतो, त्यावर कोणी कोपर टेकीत नाही, त्याला वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि शंका आली की गिऱ्हाईकही तो पाहावयास मागते. संतुलन यंत्र पाच-पाच ग्रॅमांचा निवाडा करते, आणि तरीही त्याच्या शाफ्टवर हातोडा बडविला जातो, रात्रभर चाक लटकत ठेवले जाते, जागा बदलताना शाफ्टला धरूनच ते ओढले जाते, आणि त्याचा शिक्का कोणीही विचारीत नाही. चुकणारा पाना बोल्टवरून घसरतो म्हणून लगेच कळतो. चुकणारे माप कळत नाही, हा येथला खरा धोका आहे. कामगाराची सुरक्षितता आणि मापाचा खरेपणा या दोन निराळ्या बाबी आहेत असे समजले जाते, पण पुढे दिसेल की त्या बहुतेक ठिकाणी एकाच सवयीवर अवलंबून आहेत.

पाया घ्या. यंत्राच्या पुस्तकात ‘सपाट व टणक जमिनीवर बोल्टांनी घट्ट करावे’ इतकेच लिहिलेले असते, कारण लिहिणाऱ्याने खानदेशची काळी माती पाहिलेली नसते. तापीच्या खोऱ्यातील ही कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. या मातीवर थेट चार इंचांचा कोबा घालून उभारलेल्या शेडात एका वर्षाच्या आत फरशी वरखाली होते, यंत्राच्या एका पायाखाली पोकळी पडते, आणि मग शाफ्ट फिरताना पेटीच स्वतः डोलू लागते. संवेदक बिचारे चाकाचा हिसका आणि पेटीचा हिसका यांत भेद करू शकत नाहीत; मग कधी १५ ग्रॅम, कधी ३० ग्रॅम असे दर फेरीला निराळे उत्तर येते आणि दोष चाकाला लागतो. म्हणून काळी माती मुरमापर्यंत उकरून, मुरूम दडपून, त्यावर यंत्राचा चौथरा निराळा व जाड ओतावा, आणि जवळ कंप्रेसर असल्यास त्याचा चौथरा याच्याशी जोडू नये. दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्यानंतर अँकर बोल्ट पान्याने ताणून पाहावेत आणि शाफ्टवर पाणसळ ठेवून पाहावी. या एका कामात कसूर झाली तर पुढची सारी खबरदारी व्यर्थ जाते.

दुसरी गोष्ट विजेची. बहुतेक यंत्रे २३० व्होल्टच्या एकेरी फेजवर चालतात, त्यांचे अंग लोखंडी असते आणि काम करणाऱ्याचे हात घामाने ओले असतात. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर अर्थिंग ही चैनीची बाब उरत नाही. पण अर्थिंगचा खड्डा जमिनीतील ओलाव्यावर जगतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना जळगाव-भुसावळकडची जमीन इतकी कोरडी पडते की मीठ-कोळसा भरलेला खड्डाही निकामी होतो. कूलरला पाणी घालणारा जो मुलगा असेल त्यानेच अर्थिंगच्या नळीतही दररोज बादलीभर पाणी ओतावे, अशी तजवीज मार्च महिन्यापासूनच करून ठेवावी. यंत्राच्या ओळीवर वेल्डिंगचे यंत्र चालवू नये. व्होल्टेज खालीवर होण्याचा त्रास जेथे आहे तेथे स्टॅबिलायझर लावावा. आणि दिवसाचे काम संपल्यावर केवळ यंत्रावरचे बटण बंद न करता भिंतीवरचाच स्विच बंद करावा. शेडाच्या पत्र्यातून येणारी उन्हाची तिरीप फलकावर व पेटीवर पडू देऊ नये, कारण तापलेल्या पेटीतील सर्किट विचित्र वागू लागते.

आता चाक. शाफ्टवर चढण्यापूर्वी त्याची जी झाडाझडती व्हावयास हवी ती इतकी महत्त्वाची आहे की अर्धे काम तेथेच होते असे म्हणण्यास हरकत नाही. शेतातून आलेल्या गाडीच्या डिस्कच्या आतल्या बाजूस काळ्या मातीचे थर बसून दगडासारखे वाळलेले असतात; ते न काढता तोल केला तर यंत्र मातीचा तोल करील, आणि शंभर किलोमीटरांवर एखादे ढेकूळ गळून पडताच चाक पूर्वीपेक्षा वाईट होईल. जुनी वजने सर्व काढावीत. त्यांच्यावर नवी चढवीत जाणे हा आळस आहे. टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजविणारे द्रव भरलेले आहे काय हे गिऱ्हाइकाला विचारावे, कारण बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ते भरून घेणारे पुष्कळ आहेत. आणि द्रव तळाशी साचलेल्या चाकाचा तोल, कंप्रेसरमधून टायरात पाणी गेलेल्या चाकाप्रमाणेच, दर फेरीला बदलत राहतो. हवा नियमाप्रमाणे भरलेली असावी. आणि टायरच्या नक्षीत अडकलेले खडे एक-एक करून स्क्रूड्रायव्हरने उकरून काढावेत.

खड्यांची ही बाब तोलापेक्षाही डोळ्यांसाठी आवश्यक आहे. मिनिटाला २०० फेऱ्या हा वेग ऐकावयास मंद वाटतो, पण टायरच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला सहा मीटर होतो आणि तेथे अडकलेल्या खड्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तेरापट ओढा पडतो. सैल झालेला खडा सुटतो तो सरळ समोर वाकून फलक वाचणाऱ्याच्या तोंडाकडे. झाकण यासाठीच आहे, आणि ते खाली घेतल्यावाचून मोटर सुरूच होऊ नये अशी कळही कारखान्याने त्यात बसविलेली आहे. ‘दर वेळी झाकण कोण पाडत बसणार’ म्हणून त्या कळीच्या तारा जोडून टाकण्याचा जो प्रघात आहे त्याला कोणतेही समर्थन नाही; दर चाकामागे वाचतात ते तीन-चार सेकंद. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्ये फिरत्या यंत्राला संरक्षक आडोसा असावा आणि कलम २२ मध्ये चालत्या यंत्रापाशी जाणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत असे घालून दिले. तीन माणसांचे गॅरेज त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे हे खरे. पण शाफ्टला हे ठाऊक नसते.

कपड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात गळ्यात ओला रुमाल वा उपरणे गुंडाळण्याची रीत आहे आणि उष्म्यावर तो उतारा चांगलाही आहे. परंतु यंत्राशी वाकताना त्याचे लोंबते टोक शाफ्टच्या आट्यांत सापडले तर मान सोडविण्यास अवधी मिळत नाही. रुमाल डोक्याला बांधावा, गळ्यात नको. मनगटातील कडे, गंडा, घड्याळ, बोटातली अंगठी, हीही आधी काढावीत. फिरते चाक हाताने थोपवू नये. यंत्राला स्वतःचा ब्रेक असतो, आणि नसल्यास चाक आपोआप थांबण्याची वाट पाहावी. आणि चौदा वर्षांखालील मुलाला तर या कामावर ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. ‘हाताखालचा बारक्या’ ही संस्था गॅरेजांतून जितक्या लवकर जाईल तितके बरे.

चाक शाफ्टवर बसविण्याची कृती मात्र सावकाश पाहण्याजोगी आहे, कारण सुरक्षितता आणि अचूकता या ठिकाणी अगदी एक होतात. डिस्कच्या मधल्या भोकात बसणारा, शंकूच्या आकाराचा पोलादी ‘कोन’ निवडावयाचा असतो; तो फार लहान वा फार मोठा असला तर चाक तिरके बसते. आतल्या बाजूचे भोक अधिक नितळ घडविलेले असेल तर कोन आतून स्प्रिंगवर घ्यावा, एरवी बाहेरून. चाक गुडघे वाकवून उचलावे, कमरेतून वाकून नव्हे. लहान मोटारीचे चाक पंधरा किलोंचे असले तरी दिवसातून चाळीस वेळा उचलले की कंबर हिशेब मागते. शाफ्टवर ते आदळू नये, अलगद सरकवावे. मग झटकन आवळता येणारा ‘क्विक नट’ शाफ्टवर चढवून एका हाताने आवळताना दुसऱ्या हाताने चाक हळूहळू फिरवीत राहावे, म्हणजे ते कोनावर आपोआप मध्यभागी बसते. तसे न करता नट एकदम आवळला तर चाक केसभर एका बाजूला राहते, आणि केसभर म्हणजे किती? पंधरा किलोंचे चाक मध्यापासून एक दशांश मिलिमीटर सरकले तरी डिस्कच्या कडेवर आठ-नऊ ग्रॅमांची खोटी तूट दिसू लागते. नट अर्धवट आवळलेला राहिला तर तूट खोटी दिसते आणि चाकही निसटू शकते. एकाच हलगर्जीपणाची ही दोन फळे. मालमोटारीचे चाक या यंत्रावर चढविण्याचा मोह तर धरूच नये. लहान यंत्राच्या पाटीवर ६५ किलोंच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते, आणि मालमोटारीच्या चाकासाठी उचलणीची सोय असलेले निराळे यंत्र लागते.

चाक फिरून थांबले, फलकावर आकडे आले, की ते दाखविलेल्या जागी वजन लावावे. लोखंडी डिस्कला क्लिपचे वजन, ॲलॉयला चिकटपट्टीचे. क्लिपचे वजन प्लायरच्या डोक्याने हलकेच ठोकावे. जोराचे घाव शाफ्टवाटे थेट संवेदकांना बसतात. चिकटपट्टी लावण्यापूर्वी ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, आणि ब्रेकच्या कॅलिपरला ते वजन घासणार नाही ना हे पाहावे. मग दुसऱ्यांदा फिरवून पाहावे. ही दुसरी फेरी गाळण्याची मुभा कोणालाही देऊ नये. साधारण मोटारीच्या चाकाला यंत्र एकाच कडेवर साठ-सत्तर ग्रॅमांहून अधिक वजन मागू लागले तर मुकाट्याने ते ठोकीत बसण्यापेक्षा डिस्क वाकलेली आहे काय, टायर नीट बसला आहे काय हे पाहावे. पुष्कळदा टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवून बसविला की मागणी निम्म्यावर येते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असल्यास ती त्याची हलकी बाजू असते. ती व्हॉल्व्हपाशी आणावी.

वजने अजूनही आपल्याकडे पुष्कळदा शिशाची असतात. युरोपीय संघाने मोटारींच्या चाकांवरील शिशाच्या वजनांना २००५ मध्ये मज्जाव केला आणि तेथे जस्त व पोलाद वापरात आले. शिसे हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. तेव्हा तंबाखू मळण्यापूर्वी वा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि काढलेली वजने वितळवून पुन्हा ओतण्याचा उद्योग तर शेडात मुळीच करू नये.

देखभालीची कामे थोडी आहेत आणि स्वस्त आहेत. शाफ्टच्या आट्या व कोन रोज कोरड्या फडक्याने पुसावेत, आठवड्याला रॉकेलने धुऊन पातळ तेलाचा केवळ हात फिरवावा; ग्रीस लावू नये, कारण वाऱ्याबरोबर येणारी धूळ आणि हंगामात उडणारा सरकी-कापसाचा तंतू त्यात रुततो. चाक ज्या तबकडीला टेकते तिच्यावर तर तेलाचा थेंबही नको. कंप्रेसरची हवा पेटीच्या आत मारू नये. ती धूळ बाहेर न काढता कोन मोजणाऱ्या चकतीवर नेऊन बसविते. क्विक नटची आटी झिजली की तो बदलावा, नवा शाफ्ट घेण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते. मोटरचा पट्टा सैल झाला आहे काय हे महिन्याकाठी बोटाने दाबून पाहावे, आणि पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.

यंत्राची रुजवात घेण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना मिळून दहा मिनिटे पुरतात. पहिली अशी: एखादे चांगले चाक शून्यावर आणावे, नट सोडून चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि यंत्र चालवावे. पाच ग्रॅमांपर्यंत फरक आला तर ठीक. वीस-पंचवीस ग्रॅम आला तर कोन, तबकडी वा शाफ्ट यांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे. दुसरी अशी: त्याच शून्यावरच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर १०० ग्रॅमचे वजन लावावे. यंत्राने बाहेरच्या कडेला, बरोबर समोरच्या बाजूस, १०० ग्रॅम मागावयास हवेत आणि आतल्या कडेला जवळजवळ काही नको. आतल्या कडेलाही तीस-चाळीस ग्रॅम मागत असेल तर भरलेले आकडे तपासावेत, ते बरोबर निघाल्यास पुस्तकात दिलेल्या क्रमाने कॅलिब्रेशन करावे. महिन्यातून एकदा ही रुजवात घ्यावी, आणि यंत्र जागचे हलविले, पट्टा वा संवेदक बदलला, तर तिच्यावाचून काम सुरू करू नये. तारीख व आलेले आकडे यांची एक वही यंत्राच्या पेटीवरच टांगून ठेवावी. चार महिन्यांची नोंद एकत्र पाहिली की बिघाड येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते.

यंत्राच्या हाती काय नाही तेही सांगावयास हवे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या रोखाचा, प्रश्न आहे, बॅलन्सिंगचा नव्हे. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाके संशयित, आसन थरथरत असेल तर मागची. ब्रेक दाबतानाच थरथर येत असेल तर ब्रेकची चकती पाहावी. आणि बेअरिंग वा बॉल जॉइंट ढिला झालेला असल्यास चाक कितीही समतोल केले तरी गाडी निश्चल धावणार नाही. हे स्पष्ट सांगून गिऱ्हाइकाचे दोनशे-चारशे रुपये वाचविणारा मिस्त्री धंद्यात मागे पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचकांपैकी गाडी बाळगणारे जे असतील त्यांना एवढीच विनंती की, नवा टायर घालताना, टायर डिस्कवरून उतरवून पंक्चर काढल्यावर, आणि एरवी दर दहा हजार किलोमीटरांच्या सुमारास चाकांचा तोल पाहून घ्यावा, आणि त्या वेळी चहाच्या टपरीवर न जाता यंत्रापाशी, झाकणापासून दोन पावले मागे, उभे राहावे. माती व जुनी वजने काढली काय, रुंदी मोजली काय, झाकण पाडले काय, दुसरी फेरी घेतली काय, हे पाहावे; चाक गाडीवर चढविताना नट तिरक्या क्रमाने आवळून घ्यावेत आणि शंभर किलोमीटरांच्या आत पुन्हा एकदा तपासून घ्यावेत. आणि मिस्त्रीला विचारावे, ‘भाऊ, यंत्राची तपासणी शेवटची कधी केली?’ ज्याच्याजवळ वही असेल तो ती आनंदाने दाखवील.